वजन जास्त असताना गरोदरपणात प्रोबायोटिक घ्यावं का? घेण्याआधी, घेताना आणि थांबवताना

गरोदरपणाच्या गोळ्यांच्या डब्यात फॉलिक अ‍ॅसिड, लोह आणि कॅल्शियम यांच्या शेजारी हल्ली आणखी एक पाकीट दिसतं, ते प्रोबायोटिकचं, म्हणजे पोटासाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंचं. कधी डॉक्टरांनी अँटिबायोटिकसोबत पाच दिवसांसाठी लिहून दिलेलं असतं. कधी मेडिकलवाल्याने ‘पोटाला चांगलं, साइड इफेक्ट काही नाही’ म्हणून हातात ठेवलेलं असतं. कधी परदेशातल्या नणंदेने पाठवलेली साठ कॅप्सूलची बाटली असते. वजन जास्त असलेल्या बाईला त्यासोबत एक आश्वासनही मिळतं: हे घे, म्हणजे गरोदरपणातली शुगर होणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. निव्वळ शुगर टाळण्यासाठी, वजन जास्त असलेल्या गर्भवतीने प्रोबायोटिक सुरू करू नये. दुसऱ्या एखाद्या कारणासाठी, थोडे दिवस, डॉक्टरांना विचारून घ्यायचं असेल तर तो वेगळा विषय आहे. पण तेव्हाही बीपीवर नजर हवी. असं का, ते तिसऱ्या पायरीवर येईल. आधी दोन छोटी कामं करा.

पायरी १: कशासाठी घेताय, ते एका ओळीत लिहा

कागदावर लिहा, मनात नको. ‘अँटिबायोटिकमुळे जुलाब होतात म्हणून’, ‘लोहाच्या गोळीने पोट साफ होत नाही म्हणून’, ‘शुगर होऊ नये म्हणून’, ‘वजन वाढू नये म्हणून’, ‘सगळ्याजणी घेतात म्हणून’. पहिल्या कारणासाठी कोर्स छोटा असतो आणि डॉक्टर तो विचार करूनच लिहितात. दुसऱ्या कारणावर आधी साधे उपाय करून बघण्यासारखे आहेत. शेवटचं कारण कागदावर उतरलं की आपलं आपल्यालाच हसू येतं. राहिली शुगर आणि वजन. पुढचा बराचसा लेख त्यांच्यासाठीच आहे.

पायरी २: तुमचं वजन कोणत्या गटात येतं ते बघा

इथे गरोदर राहण्याआधीचं वजन धरायचं, आजचं नाही. वजन किलोत घ्या आणि उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागा. हा झाला बीएमआय. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ६० किलो असेल तर बीएमआय जेमतेम २५ येतो आणि ७२ किलो असेल तर ३०.

जागतिक मापाने २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांच्या अंगात त्याच बीएमआयला चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यामुळे एका रिपोर्टवर ‘ओव्हरवेट’ आणि दुसऱ्यावर ‘ओबीस’ आलं तर गोंधळू नका, दोघांची पट्टी वेगळी आहे. पुढे संशोधनातल्या ज्या चाचण्यांचा उल्लेख येतो, त्यांनी जागतिक पट्टी वापरलेली आहे.

पायरी ३: शुगरचं आश्वासन तपासा

ही कल्पना हवेतून आलेली नाही. गरोदरपणात आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या तिमाहीतल्या स्त्रियांच्या शौचातले जिवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये सोडले, तेव्हा पहिल्या तिमाहीतले जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा या उंदरांची चरबी जास्त वाढली आणि इन्सुलिनला त्यांचा प्रतिसादही मंदावला. त्याआधी २०१० मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून एक आशादायक निकाल आला होता. २५६ गर्भवतींच्या त्या चाचणीत आहाराचा सल्ला आणि प्रोबायोटिक दोन्ही मिळालेल्या गटात १३ टक्के जणींना गरोदरपणातला मधुमेह झाला. आहाराचा सल्ला आणि नकली कॅप्सूल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३६ टक्के होतं. एवढा फरक दिसल्यावर कोणाच्याही आशा वाढतील. पण या स्त्रियांपैकी बहुतेकींचं वजन बेताचं होतं.

मग प्रश्न आला की ज्यांना धोका खरोखर जास्त, त्यांना याचा उपयोग होतो का. त्यासाठी निरनिराळ्या देशांत चाचण्या झाल्या.

डब्लिनमध्ये लठ्ठ गर्भवतींना २४ व्या आठवड्यापासून चार आठवडे लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हॅरियसची कॅप्सूल दिली. उपाशीपोटीच्या साखरेत फरक पडला नाही. न्यूझीलंडमध्ये दक्षिण ऑकलंडला बीएमआय ३० च्या वरच्या २३० जणींवर चाचणी झाली. तिथेही प्रोबायोटिकने ना आईची जादा वजनवाढ रोखली, ना बाळाच्या वजनात फरक पडला. तुर्कूच्याच संशोधकांनी पुढे जास्त वजनाच्या ४३९ स्त्रियांवर माशाचं तेल आणि प्रोबायोटिक, वेगवेगळं आणि एकत्र, देऊन पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला: मधुमेह टळला नाही. पहिल्या वेळी आशा दाखवणारं गाव तेच होतं.

सगळ्यात बारकाईने वाचावी अशी चाचणी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. बीएमआय २५ च्या वरच्या ४११ गर्भवतींपैकी निम्म्या जणींना दुसऱ्या तिमाहीपासून लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस बीबी-१२ या दोन जिवाणूंची कॅप्सूल दिली. उरलेल्यांना दिसायला तशीच नकली कॅप्सूल. मधुमेह झाला नकली गटात १२.३ टक्के आणि प्रोबायोटिक गटात १८.४ टक्के जणींना. म्हणजे कमी होणं दूरच, आकडा उलट्या बाजूला गेला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा नाही एवढं तर स्पष्ट झालं. गंमत म्हणजे याच चाचणीत मर्यादेपेक्षा जास्त वजन वाढलेल्या स्त्रिया प्रोबायोटिक गटात कमी निघाल्या: ३२.५ टक्के, नकली गटात ४६ टक्के. जाहिरात करणारा नेमका हाच आकडा उचलतो आणि ऑकलंडचा सोडून देतो.

आता बीपी. याच चाचणीत प्री-एक्लॅम्पसिया, म्हणजे वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाणं किंवा मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर ताण येणं, नकली गटात ४.९ टक्के आणि प्रोबायोटिक गटात ९.२ टक्के जणींना झाला. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सात चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यातल्या चार चाचण्यांमध्ये, ९५५ स्त्रियांमध्ये, प्री-एक्लॅम्पसियाची नोंद होती. प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण १.८५ पट निघालं. शंभरात पाच जणींना होणार असेल तर नऊ जणींना, असं समजा. आकड्याची खालची मर्यादा १.०४ आहे, म्हणजे फरक अगदी किरकोळही असू शकतो, आणि वरची ३.२९. मधुमेह टळतो का, यावर मात्र त्याच आढाव्याला ठाम उत्तर देता आलं नाही.

नॉर्वेतली एक पाहणी याच्या उलट बोलते. ३३ हजारांवर पहिलटकरणींच्या आहाराची नोंद घेतली तेव्हा प्रोबायोटिक दूध पिणाऱ्यांमध्ये प्री-एक्लॅम्पसिया कमी दिसला. पण ती पाहणी होती, चाचणी नव्हे. असं दूध आवर्जून पिणारी बाई इतरही बाबतीत तब्येतीला जपणारी असू शकते. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीचं वजन माझ्या लेखी जास्त.

थोडक्यात, ज्या बाईला वजनामुळे बीपीचा धोका आधीच जास्त आहे, तिला फायदा सिद्ध न झालेली आणि बीपीबद्दल शंका असलेली गोष्ट महिनोन् महिने द्यायची, याला माझा विरोध आहे.

पायरी ४: फाईल उघडा आणि या गोष्टी शोधा

आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? गरोदर राहण्याआधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा) आजार आहे का? यातली एक जरी गोष्ट असेल तर धोका मोठा आहे आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय प्रोबायोटिकला हात लावू नका. पहिलं बाळंतपण, चाळिशी, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, जुळं, आई किंवा बहिणीला हाच त्रास, बीएमआय ३५ च्या वर, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तरी तेच.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल तर जिवंत जिवाणूंचं कुठलंही औषध स्वतःहून घ्यायचं नाही. अशा रुग्णांत क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरतात.

पायरी ५: पाकीट उलटं करून वाचा

समजा डॉक्टरांनी घ्या म्हटलं आणि पाकीट हातात आहे. पुढच्या बाजूचं हसरं पोट विसरा, मागची बारीक अक्षरं बघा.

पहिल्यांदा जिवाणूचं पूर्ण नाव. ते तीन भागांचं असतं: लॅक्टोबॅसिलस, मग ऱ्हॅम्नोसस, मग जीजी. शेवटचा भाग म्हणजे स्ट्रेन, आणि सगळी मेख तिथे आहे. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनचं काम वेगळं असू शकतं. पाकिटावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘गुड बॅक्टेरिया ब्लेंड’ असेल तर त्याची कुठल्याच चाचणीशी तुलना होत नाही. २०२० मध्ये या कुळातल्या अनेक जिवाणूंची नावं बदलली, त्यामुळे नव्या पाकिटावर ‘लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ दिसलं तर तो जुनाच गडी आहे. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसी, बॅसिलस कोॲग्युलन्स किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत; शेवटची तर यीस्ट आहे. वरच्या चाचण्यांतला फायदा किंवा तोटा, काहीच त्यांना जसंच्या तसं लावता येत नाही.

मग संख्या. ती सीएफयूमध्ये लिहितात, म्हणजे वाढू शकणारे जिवंत जिवाणू किती. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ‘पाच बिलियन’ लिहिलं असेल तर पाचशे कोटी, पण ते सगळ्या जातींचे मिळून की प्रत्येकाचे, ते बघा. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या पदार्थात दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी हवेत. ही संख्या बनवताना होती की मुदत संपेपर्यंत टिकेल, हा फरक मोठा. ‘मुदतीअखेर’ असा उल्लेख असलेलं पाकीट बरं.

चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर तुमच्या हातात पूरक आहार आहे, औषध नाही. औषध आणि पूरक आहार यांचे परवाने वेगळे, तपासण्या वेगळ्या. दुकानदाराने एकाच फळीवर ठेवलं म्हणून ते एक होत नाहीत.

शेवटी साखर. चवीच्या सॅशेत आणि छोट्या बाटलीतल्या पेयांत ती असते. शुगरच्या भीतीने घेतलेल्या गोष्टीत रोज चमचाभर साखर पोटात जाणं, याला काय म्हणावं! ‘प्रीबायोटिक’, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, म्हणून घातलेलं इन्युलिन किंवा एफओएस काहींना गॅस करतं. सातव्या-आठव्या महिन्यात, जिथे आधीच पोटाला जागा नाही, तिथे तो त्रास नकोसा होतो.

पायरी ६: घेण्याची पद्धत

अँटिबायोटिक चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर जिवाणू पोटात जाऊन तिथेच मरतील. गरम दुधात किंवा चहात सॅशे टाकू नका. फ्रिजमध्ये ठेवा लिहिलं असेल तर दुकानातूनही फ्रिजमधलंच मागा. वैशाखात नागपूर-अकोल्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेल्या पाकिटात पावडर उरते, जिवाणू उरतीलच असं नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळेल. सुरू केल्याची तारीख फाईलवर लिहा आणि त्याच ओळीत संपवण्याची तारीखही लिहून टाका.

पायरी ७: घरचं बीपी, आणि कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) गोष्ट

प्रोबायोटिक घ्या अथवा नका घेऊ, बीएमआय ३० च्या वर असेल तर ही पायरी सोडू नका.

दंड जाड आणि कफ लहान असेल तर बीपी खोटंच जास्त दिसतं. मग उगाच घबराट, उगाच गोळ्या, नाहीतर ‘हिचं तर नेहमीच जास्त येतं’ म्हणून खऱ्या वाढीकडे दुर्लक्ष. दोन्ही वाईट. शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजा. साधा कफ साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला चालतो, ३५ ते ४४ ला मोठा कफ लागतो. यंत्रासोबत येणाऱ्या कफवर त्याची मर्यादा छापलेली असते. दवाखान्यातही ‘मोठा कफ आहे का’ हे विचारायला लाजू नका.

मोजण्याआधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, दंड छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहा. १४०/९० किंवा जास्त आलं, विश्रांतीनंतरही तसंच राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० आलं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर आणि हातावर अचानक सूज, यांतलं काहीही झालं तर आकडा काय आहे याची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८.

ताटातलं दही-ताक

दही खाऊ नका, असं वरच्या कुठल्याही ओळीचा अर्थ नाही. घरच्या विरजणात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती हे घराघरात बदलतं, त्यामुळे ते ‘प्रोबायोटिक औषध’ नव्हे. ते चांगलं अन्न आहे, आणि तेवढं पुरे. दूध नीट उकळून लावलेलं दही, जेवणात वाटीभर किंवा पातळ ताक, साखर न घालता. कच्च्या दुधाचं काहीही गरोदरपणात नको.

इडली, ढोकळा यांच्या पिठात आंबताना जिवाणू वाढतात खरे, पण वाफेवर ते मरतात. पीठ हलकं होतं, पचायला बरं पडतं, पण त्याला प्रोबायोटिक म्हणू नये. नाचणीच्या आंबिलीचंही तेच: आंबवून मग शिजवली तर जिवाणू गेले. आपलं तेलातलं लोणचं या यादीत धरूच नका. त्यातलं मीठ मात्र मोजा.

बद्धकोष्ठासाठी आधी ज्वारीची भाकरी, सालासकटच्या डाळी-उसळी, पालेभाजी, पेरू आणि पुरेसं पाणी. नाहीच जमलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. लोहाची गोळी सोसत नसेल तर ती बदलून मागा, पण लपवून बंद करू नका.

शुगर आणि बीपीसाठी काय करून घ्यायचं

पहिल्याच भेटीत साखरेची तपासणी आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात देऊन दोन तासांनी रक्त घेतात, उपाशी असण्याची गरज नसते. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते.

बारा आठवड्यांच्या आसपास डॉक्टरांना विचारा, ‘मला कमी मात्रेचं ॲस्पिरिन लागेल का?’ हा प्रश्न वेळेत विचारायला हवा, कारण सोळा आठवड्यांच्या आत सुरू केलं तर त्याचा उपयोग चांगला होतो. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ३७ आठवड्यांआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. स्वतःहून मात्र घ्यायचं नाही. कॅल्शियम सरकारी कार्यक्रमात १४ व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात. आहारात कॅल्शियम कमी असलेल्यांना त्याचाही बीपीसाठी फायदा आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका. बीएमआय ३० च्या वर असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा किती, हेही पहिल्याच भेटीत विचारा, जमलं तर मूल ठरवतानाच.

वजनाबाबत, बीएमआय २५ ते ३० असेल तर पूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो आणि ३० च्या वर ५ ते ९ किलो वाढ, असं अमेरिकन मार्गदर्शन २००९ पासून आहे आणि आपल्याकडेही तेच वापरतात. ‘दोन जिवांची आहेस’ म्हणून ताटात वाढला जाणारा जादा भात आणि सकाळ-संध्याकाळचा डिंकाचा लाडू या हिशेबात बसत नाही. सासूबाईंना हे सांगणं कॅप्सूल गिळण्यापेक्षा अवघड आहे, मान्य. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि आकडा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मात्र वजन घटवण्याचं डाएट या काळात करायचं नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चालणं, जेवणानंतर थोडं थोडं विभागलं तर साखरेसाठी आणखी बरं.

आधीपासून घेतच असाल तर

हा प्रश्न बऱ्याच जणी घाबरून विचारतात. दोन-तीन महिने घेतलं आणि बीपी, लघवी, साखर ठीक आहे, तर बाळाचं काही बिघडलं असं समजू नका. चाचण्यांमधून बाळात व्यंग वगैरे निर्माण झाल्याचं दिसलेलं नाही. प्रोबायोटिक हळूहळू कमी करत आणावं लागत नाही, आज थांबवलं तरी चालतं. डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर आधी त्यांना विचारा की कोर्स किती दिवसांचा होता. अनेकदा पाच दिवसांचं पाकीट कोणी थांबवलं नाही म्हणून पाच महिने चालू राहिलेलं असतं. पुढच्या भेटीला पाकीटच सोबत न्या, नाव आठवून सांगू नका. आणि थांबवताना डब्यातलं एवढं एकच पाकीट बाजूला काढा. त्याच्या शेजारची लोहाची, कॅल्शियमची आणि बीपीची गोळी तशीच चालू राहू द्या.